समुद्रतळावरचं चाक

१९ ऑक्टोबर, रविवार
आज संडे स्कूलमध्ये मुलांना मोबाइलवर आलेला एक व्हिडिओ दाखवला. समुद्राच्या तळाशी फारोच्या रथाचं चाक, मोशेसाठी समुद्र दुभंगला आणि मागे लागलेलं सैन्य बुडालं तेव्हाचं, वर शेवाळ, आणि मागून आवाज : शास्त्रज्ञांनीही आता मान्य केलं आहे. अकरा मुलं, एरवी रील्सशिवाय कशात लक्ष नसतं. आज चिडीचूप. पप्पा दारात उभे राहून पाहत होते. डोळे पुसले त्यांनी. मला पाठव म्हणाले. २ तारखेला प्रभुभोजनाच्या उपासनेत त्यांची साक्ष आहे, देवाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा, तेव्हा पडद्यावर दाखवणार.
बरं वाटलं. खूप दिवसांनी.

२० ऑक्टोबर, सोमवार
दुपारी स्नेहल घरी आली. नववीत आहे, माझ्या संडे स्कूलमधली सगळ्यात शांत मुलगी. मोबाइल पुढे केला. "ताई, हे तं गेममधलं हाय. माहा दादा खेळते." तेच चाक. उजवीकडून जाणारा तोच पिवळा मासा.
मी म्हटलं, तुझी काहीतरी गफलत होत असेल.
"बरं ताई," म्हणाली नि गेली. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला कळलं.

२२ ऑक्टोबर, बुधवार
दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून पाहिले. मासा तोच. कोणते शास्त्रज्ञ, कुठला समुद्रकिनारा, काहीच सांगितलेलं नाही. वणीला शाळेत आठवीच्या मुलांना शिकवताना रोज विचारते, पुरावा कुठे आहे? स्वतःला एकदाही विचारलं नाही. कारण मला ते चाक हवं होतं.
चाक खोटं म्हणून समुद्र दुभंगलाच नाही, असं होत नाही. चाक खरं असतं तरी तो दुभंगला हे सिद्ध झालं नसतं. मग मला ते कशासाठी हवं होतं? शिष्य थोमाने येशूचे व्रण पाहायला मागितले, त्याला कोणी हाकलून दिलं नाही. पण त्याला कोणी खोटा व्रणही दाखवला नाही.
मी अकरा जणांना दाखवला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
पप्पांना सांगायचं. आज नाही जमलं.
दम्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले, पप्पांकडे. खाणीतली पाळी संपवून आले की हातपाय धुऊन पाटी घेऊन बसायचे. वाचन बायबलमधून. विज्ञान त्यांनी खाणीतून आणलेल्या एका चपट्या दगडातून. त्यावर पानाचा ठसा आहे, शिरा न् शिरा दिसते. हे किती जुनं, विचारलं तर म्हणायचे, "मले नाही मालूम. पान होतं, एवढं दिसते."
तेव्हा त्यांना 'मले नाही मालूम' म्हणता यायचं. मागच्या उन्हाळ्यात लग्नात माझा चुलतभाऊ, पुण्याचा इंजिनियर, सगळ्यांसमोर म्हणाला, "मोठेबाबा, समुद्र काय पडदा हाय, बाजूले सारायले?" सगळे हसले. पप्पाही हसले, पण जेवले नाहीत. आता पप्पांनी त्याला हा व्हिडिओ पाठवलाय. खाली लिहिलंय : पाहून घे बेटा.

२६ ऑक्टोबर, रविवार
मुलांनाही सांगितलं नाही. दाविदाची गोष्ट घेतली. स्नेहल मागे बसून नखं कुरतडत होती. पप्पांनी मंडपवाल्याकडे प्रोजेक्टर सांगून ठेवलाय.

२९ ऑक्टोबर, बुधवार
आईला सांगितलं. ती तूर निवडत होती, मान वर केली नाही. "लोकायचा विश्वास वाढून राह्यला नं? मंग तुह्या बापाले काहून दुखवतं? साक्ष होऊन जाऊ दे, मंग सांग."
सोपं आहे. दिवसभर तेच मनात. खोट्याने वाढलेला विश्वास कोणावरचा विश्वास? आणि प्रभुभोजनाआधी स्वतःला पारखायचं असतं, मनात खोट असेल तर पेला घ्यायचा नसतो. मी काय पारखू, मला तर सगळं ठाऊक आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार
सांगितलं. गेमचा व्हिडिओ दाखवला. पप्पांनी दोनदा पाहिला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
"मासा तोच हाय."
 मग, "असं नसंन का, का चाक खरं हाय, न् गेमवाल्यानं पाहून काढलं?"
नाही, मी म्हटलं. त्यांनी विचारलं, तुला कधी समजलं? वीस तारखेला, म्हटलं.
"बारा दिवस," म्हणाले. बस, तेवढंच. मग उद्याच्या सदऱ्याला इस्त्री करायला बसले.
रागावले असते तर...

२ नोव्हेंबर, रविवार
पडदा लावलेला होता. प्रोजेक्टरही. पप्पा साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, मशीन बिघडलं आहे. मग खाणीतल्या एका दिवसाबद्दल बोलले, छत खचलं तेव्हा कसे वाचले ते. चांगलं बोलले. माझं मन मात्र त्यात नव्हतं. मशीन बिघडलेलं नव्हतं.
पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि पप्पा द्राक्षरसाच्या पेल्यांचा ट्रे घेऊन रांगांमधून निघाले, मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, म्हणून ते काम त्यांचंच. माझ्यापाशी थांबले. मी हात पुढे केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. ट्रेमधले पेले किंचित किणकिणले, ते पुढे गेले. शेवटी वाढणाऱ्याने घ्यायचा असतो. त्यांनीही घेतला नाही. ट्रे तसाच झाकून ठेवला.
उपासना सुटल्यावर स्नेहल जवळ आली. "ताई, मशीन सच्चीच बिघडलं होतं?"
पप्पा मागे वायर गुंडाळत होते. ते ऐकतायत हे मला माहीत होतं.
नाही, म्हटलं. आणि ते चाक गेममधलंच होतं. तू बरोबर होतीस, मी तुला खोटं पाडलं. पुढच्या रविवारी सगळ्यांना सांगणार आहे.
वायरचा आवाज थांबला. तिने मागे पाहिलं.
"स्नेहल," पप्पा म्हणाले, "हे टोक धर, बेटा. गुंता होऊन राह्यला."
तिने धरलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. घरी येईस्तोवर नाही. आत्ताही बाहेर ओट्यावर बसले आहेत, मोबाइल हातात, पुण्याच्या पुतण्याचा नंबर उघडा. काही लिहितात, पुसतात.