पवनेला रंग आला तेव्हा

१२ फेब्रुवारी १९५७
सकाळी धुकं. दवाखान्यात जायच्या आधी पवना नदीवर गेले, तर पाणी जांभळं. वाटलं, माझी झोपच उतरली नाही. घाटावर मंजुळा, घरमालकीण सरजाबाईंची सून. सहावा महिना. म्हणाली, "नर्सबाई, बगा की, नदी नवरीवानी दिसतीया." खरंच दिसत होती. वरच्या अंगाच्या नव्या रंग-कारखान्याचं पाणी. दोघी बघतच राहिलो, दवाखान्याला उशीर झाला.

१५ फेब्रु.
आज पिवळं. सरजाबाईंचा नामदेव, मंजुळाचा नवरा, त्याच कारखान्यात आहे. रंगाची पिंपं धुवायची, हौदाची फळी उचलून ते पाणी नाल्यातून नदीत सोडायचं. सरजाबाई खूश. "घरावर पत्रा आला, बाई. शेतानं कदी दिला न्हाई."

३ मार्च
दवाखान्यात सहा बायका. सगळ्यांचे हात लाल, फोड आलेले. सगळ्या एकाच घाटावर धुणं धुतात. डॉ. आठवड्यातून एकदाच येतात, ते म्हणाले, "खरूज. गंधकाचं मलम द्या, सिस्टर." पण खरूज रात्री खाजते. ही पाण्यात हात घातला की जळते. मी मलमच दिलं. बोलायला हवं होतं.

१९ मार्च
दुपारी डोळा लागला. स्वप्नात नदी पायरी पायरीनं घरात आली. आई ओसरीवर बसून माझा परकर तिच्यात बुडवत होती, दर वेळी निराळा रंग. मी म्हणत होते, पुरे गं.
हाकेनं जाग आली. दारात नामदेव. घोट्यावर गोल खड्डे, कडा टणक. "दुकत न्हाईत, म्हणून दावले न्हाईत." पट्टी बांधली. माझं पाणी दवाखान्यातून येतं, म्हणून विचारलं, तुमच्या घरात प्यायला कुठलं? "झिऱ्याचं." म्हणजे नदीच्याच वाळूत खणलेला खड्डा. मंजुळाही तेच पिते.

२ एप्रिल
नदी आटतेय, रंग दाट होतोय. मंजुळाला चार दिवस उलट्या, पोटात मुरडा. झिऱ्याचं पाणी पेल्यात घेऊन उन्हात धरलं. फिकट हिरवं. इतकं सुंदर, की राग आला.
म्हटलं, ह्यातला थेंब नको. मळ्यातल्या विहिरीचं आणा.
सरजाबाई : "पोटुशी बाई येवढ्या लांबनं घागर आणंल व्हय? आन नदी कदी बाटती का?"
मग मीच आणली. खांदा ठणकतोय. बरं वाटतंय.

१० एप्रिल
कारखान्याच्या मॅनेजरना भेटले. गृहस्थ नम्र. चहा दिला. "सिस्टर, गावाला काम मिळालं ते कुणी बघत नाही. तुम्हाला फक्त रंग दिसतो." चहा तसाच ठेवून उठले.
मामलेदारांना अर्ज लिहिला. अकरा बायकांनी अंगठे दिले. सरजाबाईंनी हात पदराखाली घेतला. "माज्याच लेकाच्या पोटावर पाय देऊ?"
त्यांचंही खोटं नाही.

२८ एप्रिल
अर्जाला उत्तर नाही. मंजुळाच्या उलट्या थांबल्या. विहिरीवर आता बायकांची रांग असते. आज तिच्या पोटाला नळी लावून ऐकलं. लांब कुणी कांडण कांडतंय तसे ठोके. डोळे मिटून ऐकत राहिले. मंजुळा घाबरली, "काय झालं, बाई?" काही नाही गं. चालू दे.

९ मे
नामदेवनं आज फळी उचलली नाही. हौद तुडुंब. मुकादम ओरडला, तर म्हणाला, "खाली माजी बायकू ऱ्हाती." मुकादमानं संध्याकाळपर्यंत मुदत दिलीय. नाहीतर उद्यापासून दुसरा माणूस.
सरजाबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या की नाही, कळलं नाही. घागर उचलली आणि विहिरीच्या वाटेला लागल्या.
मी नि मंजुळा घाटावर. पाणी थोडंसंच, पण तळची वाळू दिसत होती. "पाय बुडवू का, बाई?"
"थांब," म्हटलं, आणि आधी माझा हात घातला, कोपरापर्यंत. गार लागलं. मग बाहेर काढून मांडीवर ठेवला, आणि तो लाल होतो का, ते दोघी बघत बसलो.