विनिताचं इंजिन आणि आमचं दार

ती. ताईस,

आशागडहून गोविंदाचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतोय? भाऊजींचा खोकला थांबला का? (फोनच करणार होतो, पण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.)

इकडे चिकू ठीक, पण सूनबाई विनिता हातातलं काम सोडायचं म्हणतेय आणि माझ्या जिवाला घोर लागलाय. लिनक्स म्हणून संगणकाची एक प्रणाली असते, ती जगभरची माणसं हौसेने सांभाळतात. त्यात इंटरनेटची पानं उघडणारं जे इंजिन आहे, ते आपली विनिता सांभाळते! त्यात भोक सापडलं की चोर शिरायच्या आत दुरुस्त इंजिन बसवायचं. शिवाय त्याच इंजिनावर पंधरावीस दुसरे प्रोग्राम चालतात, त्यांतला एकही लंगडता कामा नये.

परवा असंच भोक सापडलं आणि नेमकी लाइट गेली. माझ्या पॅकिंग शेडमध्ये इन्व्हर्टर आहे म्हणून ती लॅपटॉप घेऊन तिथे आली. सकाळी नऊपासून इंजिन तयार होत होतं. लॅपटॉप इतका तापला, की मी चिकूच्या खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालत बसलो (त्याला, मला नव्हे). दुपारी एक जुना प्रोग्राम रुसला, तर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, कपाळावर आठी नाही. ताई, मला तिचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी दुरुस्ती जगभर गेली.

फक्त शेडमधला आमचा संगणक राहिला. दुरुस्ती त्यातही आपोआप उतरली होती, पण उघडा असलेला प्रोग्राम बंद करेपर्यंत जुनंच इंजिन चालवतो म्हणे. आणि आमचा दसऱ्यापासून बंदच नव्हता! पूजा झालेलं यंत्र बंद करायचं नाही, हा माझाच हुकूम. विनिताने वाळलेले झेंडू बाजूला केले आणि म्हणाली, "बाबा, जगाला कुलूप लावलं नि आपलंच दार उघडं!" बऱ्याच दिवसांनी हसली पोरगी.

तुझा,
गोविंदा

ता. क. : मुद्द्याचं राहिलंच. 'चिंचणीच्या आत्या याला फुकटची उठाठेव म्हणतात' हे ऐकल्यापासून तिने काम सोडल्याचा मेल लिहून ठेवलाय. रविवारी पाठवणार आहे. त्याआधी फोन करून तो शब्द मागे घे.

ता. क. दुसरा : तू तसं बोलली नव्हतीस, ठाऊक आहे. बोललो मीच. "कोण म्हणतं असं?" म्हणून तिने विचारलं, तेव्हा घाबरून तुझं नाव घेतलं. तरी मागे तूच घे. मी कबूल केलं तर ती हसून मला माफ करेल, पण घरातलाच माणूस असं म्हणतो म्हटल्यावर मेल पाठवेलच.