शुक्रवारी येणारं गाणं

प्रिय टिटवी,

रागावू नकोस, अजून याच नावाने हाक मारतोय. फोनवर तू नुसती ऐकणार आणि मी एकटाच बडबडणार, ते माझ्याच्याने होत नाही, म्हणून कागद घेतला. तुझ्या मावशी सांगत होत्या, ऑपरेशननंतर आता तू गळ्याला रुमाल बांधून बाजारात जातेस, पाटीवर लिहून भाजी मागतेस, आणि वर भाजीवाल्याच्या फलकावरच्या चुकाही सुधारतेस. खूप हसलो.

बातमी अशी की आपल्या बँडचं एक गाणं शुक्रवारी निघतंय. पुढच्या अल्बमला अजून वर्ष आहे, तोवर लोक आपल्याला विसरतील, म्हणून मध्येच एक सुटं गाणं सोडायचं असं आपल्या अकॉर्डियनवाल्याने टुमणं लावलं होतं. त्याने जुन्या टेप उपसून तुझं होडीचं गाणं काढलं, मागच्या अल्बममधून ऐनवेळी वगळलेलं. तुझ्या जागी आलेली नवी मुलगी छान गाते गं, पण ते ऐकून तीच म्हणाली, हे मी गाणार नाही, तिच्याच आवाजातलं बाहेर येऊ दे. तुझ्या आवाजातलं हे शेवटचं. तुझा होकार आल्याशिवाय ते बाहेर पडणार नाही, हे मी सगळ्यांना ठणकावून सांगितलंय. तू नाही म्हणालीस तर विषय संपला. फक्त उत्तर देण्याआधी पत्र शेवटपर्यंत वाच.

सुतारखान्यावरची आपली खोली आठवते ना? खालचं मशीन थांबेपर्यंत आपण चहा पीत बसायचो, आणि थांबलं की एकाच मायक्रोफोनभोवती सगळे उभे. ज्याचा आवाज मोठा तो मागे. कुणी कुठे उभं राहायचं त्याच्या खडूने खुणा करायचं काम माझं. पहिल्या वर्षी तुझी खूण थेट दाराशी होती. अजून मागे ढकललंस तर जिन्यात उभी राहून गाईन, असं तू मला बजावलं होतंस. टिटवी हे नाव तेव्हाच पडलं.

मग त्या शेवटच्या वर्षी मी तुझी खूण पुढे घेतली. आधी एक पाऊल, महिन्याभराने आणखी एक. हे गाणं केलं तेव्हा तू मायक्रोफोनला जवळजवळ नाक लावून उभी होतीस. तुला वाटलं, बढती मिळाली! सगळ्यांना चिडवत होतीस. तुझा आवाज कमी पडायला लागलाय हे फक्त मला कळत होतं, कारण कान लावून अंतर ठरवणारा मीच. त्यात ती खरखर आली होती, आणि काय सांगू तुला, मला ती आवडली होती. वाटलं, आत्ता कुठे हिच्या गाण्यात दुःख उतरलंय. गाढव मी. ते दुखणं होतं. डॉक्टर तुला म्हणाले ना, चार महिने आधी यायला हवं होतं, तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होतो. ते चार महिने मी जुनी खूण पायाने पुसून नवी करत होतो.

आता मूळ गोष्ट. गाण्याच्या आधीचं थोडं बोलणं टेपवर राहिलंय. अकॉर्डियनवाला म्हणतो, ठेवूया, लोकांना असलं घरगुती बोलणं आवडतं. त्यात तू विचारतेस, माझा घसा काही ठीक वाटत नाही रे, आज राहू दे का, कुणाला तरी दाखवून येते. आणि मी हसून म्हणतो, वेडी आहेस का, मला अस्साच आवाज हवाय. तू बरं म्हणतेस आणि गायला लागतेस. तुला हे आठवत नाही, मला ठाऊक आहे. आठवत असतं तर दवाखान्यात दिवसभर माझा हात धरून बसली नसतीस. ते कापायला एक मिनिट पुरे, कुणाला कधी कळणारही नाही. तीनदा कापायला बसलो, टिटवे, आणि तीनदा उठलो. टेप सोबत ठेवलीय. ऐक, आणि ठेवायचं की काढायचं, ते तूच लिहून पाठव.

तुझाच,
बास गिटारवाला