मावशीची कॉफी आणि माझं पातं

प्रिय गुड्रुन मावशी,

आदरपूर्वक नमस्कार. गुडघा कसा आहे? कोंबड्या कशा आहेत? (क्रम चुकला, आधी कोंबड्यांची चौकशी करायला हवी होती.) तुझा केकचा निळा डबा माझ्याकडे सुखरूप आहे, हे तू विचारायच्या आत सांगून टाकतो. गावातली लाल टपालपेटी उचलून नेल्यापासून पत्र पार्सलात घालून पाठवावं लागतं, म्हणून सोबत एक पार्सल आहे. आतलं पुडकं लगेच उघडू नकोस.

सध्या मी एका घोर अन्यायाचा बळी आहे. आमच्या कंपनीच्या नव्या इमारतीचं मुख्य दार पश्चिमेला काढलंय, आणि जटलंडात वारा कुठून येतो हे तुझ्या कोंबड्यांनाही ठाऊक आहे. वाऱ्याला जरा चेव आला की ते दार उघडत नाही, आणि उघडलंच तर मिटत नाही. त्यामुळे वाऱ्यावर पोट भरणारे आम्ही चारशे जण रोज सकाळी कँटीनच्या मागून, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घालून कामावर जातो. दारावर तोडगा काढायला समिती नेमली आहे. समितीही मागूनच येते.

माझ्या नोकरीची तऱ्हा त्या दारासारखीच. पवनचक्कीची पाती आखण्यात माझी उमर गेली, पण आखलेलं पातं कारखान्यातून बाहेर पडायच्या आत कुणीतरी त्याहून लांब पातं जाहीर करतं आणि माझं बाद होतं. पहिलं कागदावरच वारलं. दुसरं प्रत्यक्षात बनलं. त्याच्या आडोशाला आता कंपनीच्या सायकली उभ्या असतात. (पावसात एक थेंब आत येत नाही. आकार उत्तम आहे.) तिसरं तेवढं फिरलं, आणि तेही कुठे, तर तुझ्या घराच्या पश्चिमेला, शेजारी स्वेनिंगच्या बीटाच्या शेतात. सप्टेंबरअखेर त्यानं ठरलेली वीज काढून दाखवली नाही तर ते उतरवतील आणि मला माहितीपुस्तिका विभागात बसवतील. तिथे 'पात्याखाली उभे राहू नये' हे वाक्य अकरा भाषांत लिहिण्याचं काम चालतं.

आता गावसभेतल्या त्या संध्याकाळबद्दल. तू उभी राहून म्हणालीस, "रेग्नार, तुझी चक्की देशासाठी फिरते, मान्य. पण माझ्या संध्याकाळच्या कॉफीत तिची सावली ढवळून निघालेली मला चालायची नाही." गाव हसलं. मीही रंगात येऊन शब्द दिला, की जिथे कॉफी घेतली जाते अशा कुठल्याही जागी सावली पडायची वेळ झाली की चक्की आपोआप थांबेल. ते इतिवृत्तात गेलं. माझ्या डोळ्यांपुढे तुझी स्वयंपाकघराची खिडकी होती. डेन्मार्कमध्ये कॉफी कुठे घेतली जात नाही, याचा विचार इथेच जन्मलेल्या माणसानं करायला हवा होता.

पुढचं तुला माहीत आहे, कारण ते तूच केलंस. आधी खिडकी. मग काचेचा व्हरांडा. मग खुराड्याजवळचं बाकडं. मग स्वेनिंगचं गॅरेज. (तिथे म्हणे तू त्याच्या ट्रॅक्टरला सोबत म्हणून बसतेस.) प्रत्येक जागा तू फोनवर कळवलीस आणि मीच ती यंत्राच्या डोक्यात भरली. सूर्य सरकतो तशी तू थर्मास घेऊन सरकतेस, आणि पाच-दहा मिनिटांचा थांबा आता चांगला तासाभराचा झालाय. त्यात तू गाव गोळा करतेस, कप उचलून "बास हं आता" म्हणतेस, चक्की थांबते, आणि बेकरीवाली एल्सेबेथ टाळ्या वाजवते, असं ऐकतो. मावशी, ते सूर्याचं गणित आहे. तुझा कप त्यात नाही.

तर सोमवारी कोरियाहून पाहुणे आले. आमचे संचालक प्रेबेन (त्यांना सगळे नावानंच हाक मारतात, म्हणून ते अधिक भीतीदायक वाटतात) संध्याकाळी त्यांना पातं दाखवायला घेऊन आले. वारा असा, की पाहुण्यांच्या टोप्या बीटात गेल्या. आणि पातं ढिम्म. प्रेबेननी माझ्याकडे पाहिलं.

"बिघाड?"

"नाही. माझी मावशी कॉफी घेतेय."

दुभाष्यानं मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. मग पाहुण्यांतले वडीलधारे श्री. बांग तुझ्या घराच्या दिशेनं कमरेत वाकले. तू गॅरेजमधून कप हलवलास. मी बीट बघत होतो.

आमच्या विभागात ज्याची चूक त्यानं शुक्रवारी सर्वांसाठी केक आणायचा असतो. ही चूक माझी ठरली, एकमतानं. मी स्वतःही हात वर केला.

तुझा,
रेग्नार

ता.क. पार्सलात जाड पडदे आहेत. सप्टेंबरअखेरपर्यंत तेवढे लाव, आणि सावली चालेल असं मला दोन ओळींत कळव. नाहीतर पातं उतरेल. एवढंच मागायचं होतं. दाराचं रडगाणं उगाच गायलो.

ता.क. २ (गुरुवार. पार्सल अजून माझ्याकडेच.) पडदे लावू नकोस. श्री. बांग यांनी लिहिलंय, की घरातल्या वडीलधाऱ्या बाईसाठी थांबणारी चक्की कोरियातल्या गावांतही कुणी नाकारणार नाही. ते गावप्रमुखांना घेऊन पुन्हा येताहेत. प्रेबेननी पात्याला वर्षभराची मुदत दिली. पातं फिरतं कसं, हे कुणीच विचारलं नाही. ते आले की गॅरेजमध्येच बस, उजेड चांगला असतो.

ता.क. ३ (शुक्रवार संध्याकाळ) पत्र स्वतःच घेऊन आलो. डबा मागच्या पायरीवर ठेवलाय, धुऊन, आत केकचा शेवटचा तुकडा आहे. तू बाकड्यावर होतीस, म्हणून हाक मारली नाही. थोडा वेळ शेताच्या बांधावर बसलो. पातं थांबलेलं होतं. थांबलेलंही बरं दिसतं.