आवाज येतोय, चित्र नाही

३ फेब्रुवारी

चि. पिपाणीस, अक्काचे अनेक आशीर्वाद.

सलग तिसऱ्या रविवारी तुझ्या जागी काळा चौकोन पाहिला. मी नवा चष्मा लावून, केस विंचरून, मागे वाळत घातलेले कपडेसुद्धा काढून बसले होते. आवाज तुझा, आणि चित्र कोळशाच्या वखारीचं!

चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गावभरच्या लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. आता सख्खा भाऊ जोडता येईना, म्हणून सुनेला शरण गेले. ती म्हणाली ते पत्रानेच कळवते, कारण टाइप करायला बसले तर माझ्या अंगठ्याला तीन ओळींना अख्खी दुपार लागते. फोन एकदा पूर्ण बंद करून सुरू कर. बोलताना पडद्यावरच्या कॅमेऱ्याच्या चित्रावर तिरकी रेघ दिसली तर तिच्यावर बोट ठेव, जाते. सेटिंगमध्ये त्या ॲपला कॅमेरा वापरायची परवानगी आहे का पाहा. फोन भरला असेल तर जुने फोटो काढ.

हसू नकोस, मीही काही कमी नाही. परवा मैत्रिणीशी पाव तास तावातावाने बोलले, तर माइक बंद. त्याआधी सवयीने फोन कानाला लावला, म्हणून तिला पूर्ण वेळ माझा कान दिसला. आणि तुला लिहिलेला, गोळ्या घेतल्यास का खरं सांग, हा मेसेज गेला आमच्या इमारतीच्या ग्रुपवर. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त न्यायाधीशांनी तत्काळ कळवलं की घेतल्या, दोन्ही.

पत्र मिळताच प्रयोगाला लाग. माया आहे ती राहू दे.

तुझी अक्का

११ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र फोनशेजारी ठेवून सगळं केलं. फोन बंद झाला, तो छानच झाला. सुरू होईना. दहा मिनिटं जे दाबत होतो ते बटण आवाजाचं निघालं. मग जागा केली. तू पाठवलेली सुप्रभातची चारशे बारा फुलं काढून टाकली. रागावू नकोस, एक गुलाब ठेवलाय. परवानगी द्यायला गेलो तर टॉर्च लागला आणि विझवता येईना, म्हणून दिवसभर सदऱ्याच्या खिशात उजेड घेऊन हिंडलो. खालच्या औषधवाल्याने विचारलं की काका, छातीत काय पेटलंय.

चित्र मात्र नाहीच. फोन म्हातारा झालाय, मालकावर गेलाय. जाऊ दे ना अक्का. बोलणं होतं तेवढं पुरे. माझं तोंड तू पासष्ट वर्षं पाहिलं आहेस, त्यात नवीन काय असणार?

बँडच्या तालमी ठीक. बागेतले कार्यक्रम पुढच्या महिन्यात सुरू होतील. काळजी नसावी, आठवण असावी.

तुझा पिपाणी

१८ फेब्रुवारी

चि. पिपाणीस, अ. आ.

तुझं पत्र वाचून सून आणि मी पोट धरून हसलो. मग मी ते पुन्हा वाचलं, आणि हसू आलं नाही.

रविवारी मी तुला म्हटलं की औषधवाल्याच्या फोनवरून एकदा लाव, दिसलास तर दोष तुझ्या फोनचा. तू म्हणालास की त्याचाही फोन बिघडलाय. थोड्या वेळाने म्हणालास की तो परगावी गेलाय. बिघडलेला फोन बरोबर घेऊन गेला असेल बिचारा.

आता ऐक. मी नोकरीभर माणसं पाहिली नाहीत, नुसती ऐकली. जानेवारीच्या मध्यापासून तुझा 'प' नीट उमटत नाही. 'ब' निसटतो. मी आधी आमच्या वायफायला दोष दिला, सुनेकडून ती पेटी दोनदा बंद-चालू करून घेतली. नंतर स्वतःच्या कानांना दिला. पण लाइन बिघडली की सरसकट सगळी अक्षरं खाते रे, निवडून ओठांचीच खात नाही.

काय झालंय?

अक्का

२६ फेब्रुवारी

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

तुझ्यापुढे माझं कधी काही चाललंय?

सोळा जानेवारीला सकाळी चूळ भरत होतो, तर पाणी डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळायला लागलं. आरशात पाहिलं. अर्धा चेहरा माझा, अर्धा कुणा झोपलेल्या माणसाचा. मला वाटलं, संपलं. औषधवाल्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मेंदूला काही नाही, चेहऱ्याची नस सुजली आहे. बहुतेकांचं काही महिन्यांत बरं होतं. सगळ्यांचं पूर्ण होतंच असं नाही. डावा डोळा मिटत नाही, म्हणून झोपताना लावायला चिकटपट्टी दिली. त्यातलाच एक तुकडा कापून मी कॅमेऱ्यावर लावला.

जिच्यावरून तू मला पिपाणी म्हणतेस ती क्लॅरिनेट एकदाच तोंडाला लावली. निम्मी हवा गालातून बाहेर. उकळत्या किटलीसारखा आवाज आला. पेटीत ठेवून दिली. तालमी ठीक हे खोटं. बँडमास्तरांना सांगितलंय की मनगट मुरगळलंय. त्यासाठी पट्टी बांधून, तोंडाला रुमाल लावून बाजारात जातो. गेल्या आठवड्यात ट्रॉम्बोनवाल्याने गाठून विचारलं की डावं मुरगळलं होतं ना, मग पट्टी उजव्याला कशी. मी म्हणालो, दुखणं सरकलं.

तुझ्यापासून लपवलं कारण तू घाबरशील, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं ते नाही. बोलताना पडद्याच्या कोपऱ्यात आपलंच चित्र छोट्या चौकोनात दिसतं ना, तिकडे बघायची हिंमत नव्हती.

रागाव, पण बोलणं सोडू नकोस.

पिपाणी

५ मार्च

चि. पिपाणीस, अ. आ.

रागावले आहे. औषधवाल्याला ठाऊक आणि मला नाही! ते भेटल्यावर बघू.

सून म्हणते, स्वतःचा चौकोन लपवता येतो. कसा ते तिने वेगळ्या कागदावर चित्र काढून दिलंय, सोबत जोडलाय. म्हणजे आता एकच काम उरलं. कॅमेऱ्यावरची पट्टी काढ. रविवारी चार वाजता.

अक्का

१४ मार्च

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

कालचं बोलणं अजून डोळ्यांसमोर आहे.

पट्टी निघाली, पण तिचा चीक काचेवर तसाच, आणि तू म्हणालीस की धुक्यातून भूत बोलतंय. मी काच पुसली. मग तू इतकी गप्प झालीस की मला वाटलं, नेटवर्क अडकलं. दोनदा हाका मारल्या. तू म्हणालीस, नेटवर्क ठीक आहे, मीच अडकले. मग डोळे पुसलेस आणि म्हणालीस की लहानपणी चिडलास की असाच दिसायचास, ओळखीचा आहेस. डॉक्टरीणबाईंनी दिलेला गाल फुगवायचा व्यायाम तू माझ्याबरोबर केलास, तेव्हा तुझी कवळी सुटली. दोन महिन्यांत पहिल्यांदा हसलो गं. एकाच बाजूने, पण खळखळून.

आज सकाळी मनगटाची पट्टी सोडली आणि रुमाल न लावता तालमीला गेलो. बँडमास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी रागावणं सोडाच, मला मोठ्या ढोलामागे उभं केलं. म्हणाले, नस जागी होईपर्यंत हा सांभाळ, याला ओठ लागत नाहीत. पहिल्या दोन गाण्यांत प्रत्येक ठोका उशिरा पडला. ट्रॉम्बोनवाल्याने विचारलं की हेही दुखणं सरकलंय का. तिसऱ्या गाण्यात जमलं.

क्लॅरिनेट तिसऱ्या रांगेत असते, कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. ढोल सगळ्यांच्या पुढे. उद्या पाच वाजता बागेतला पहिला कार्यक्रम आहे, आणि दोन्ही हात काठ्यांत अडकलेले असणार, रुमाल धरायला तिसरा नाही. तरी जाणार आहे.

सुनेला आशीर्वाद. तुझी माया आहे तोवर मला चिंता नाही.

तुझा पिपाणी