घरच्या वेळेचं घड्याळ

१६ तारीख, संध्याकाळ

चि. बापूस,
अ. उ. आ.

हॉटेलच्या कारकूनबाईंना गळ घालून हे पत्र तुझ्या छापखान्याच्या फॅक्सवर पाठवतेय. आईला फोनवर ऐकू येत नाही, तेव्हा हेच तिच्या हातात दे. उद्या दुपारी बाराचं विमान, संध्याकाळी घरी. परवा नऊला तिला ऑपरेशनला नेतील तेव्हा मी तिच्याजवळ असेन, म्हणावं. आम्ही निघाल्यावर ही तारीख मिळाली, तेव्हापासून माझं फिरण्यात लक्षच नाही.

तुझ्या भावजींची तऱ्हा ऐक. एवढे घड्याळजी, पण पंधरा दिवसांत स्वतःचं घड्याळ इथल्या वेळेवर लावलेलं नाही. इथली वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणून दर वेळी दीड तास वजा करून सांगतात. का, तर आईंच्या गोळीची वेळ कळावी! घड्याळात आठ वाजले की आईंनी गोळी घेतली असेल, अशी रोज घोषणा होते.

बॅगा भरून झाल्यात. लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी ताई

१६ तारीख, रात्र

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने तीनदा वाचलं. ताई आल्याशिवाय आत जाणार नाही, असं तिने डॉक्टरांना ऐकवलंय. आता पुढे ढकलणं धोक्याचं आहे, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. माझं डोकं ठिकाणावर नाही. आज कॅलेंडरात जून दोनदा छापला. वेळेवर ये गं. बाकी लोभ उद्या समक्ष.

तुझा बापू

१७ तारीख, दुपार

चि. बापूस,
अ. उ. आ.

विमान चुकलं. चूक माझी. आज तरी घोटाळा नको म्हणून हे आंघोळीला गेले असताना मी ह्यांचं घड्याळ इथल्या वेळेवर लावलं. सांगायचं बॅगांच्या गडबडीत राहून गेलं. ह्यांनी सवयीने त्यातूनही दीड तास वजा केले! आम्ही आपले हॉटेलबाहेरच्या बाकावर निवांत कॉफी पीत बसलो. मी एकदा विचारलंही, तर घड्याळजीला वेळ शिकवतेस का, म्हणाले. विमानतळावर पोहोचलो तेव्हा खिडकी बंद झाली होती.

हे मला एका शब्दाने बोलले नाहीत. नुसते घड्याळाकडे बघत बसलेत. मला ते बघवत नाही.

पुढचं विमान उद्या बाराला. आईशी खोटं बोलू नकोस. ताईने शब्द मोडला, तरी तू आत जा, पाया पडते, म्हणावं.

तुझी ताई

१८ तारीख, दुपारी दोन

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही आता विमानात असाल, म्हणून हे पत्र किल्लीबरोबर शेजारच्या काकूंकडे ठेवतोय. आधी हे वाच: ऑपरेशन नीट झालं.

काल तुझं पत्र द्यायला माझा हात पुढे होईना. आईने ते वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. आता हट्टाला पेटणार, म्हणून मला धडकी भरली. तर तिने माझं घड्याळ मागितलं आणि तुमच्याकडच्या वेळेवर लावून घेतलं. जावयाने पंधरा दिवस माझी वेळ सांभाळली, एक दिवस मी त्यांची सांभाळते, म्हणाली. आज सकाळी ते माझ्या हातात ठेवून आत गेली. भावजींना कोणी काही बोलायचं नाही आणि घड्याळ परत त्यांनीच लावायचं, असं जाताना बजावलं.

दीड वाजता तिने डोळे उघडले. बोलवत नव्हतं, नुसती मनगटाची खूण केली. मी घड्याळ तिच्यासमोर धरलं. त्यात बारा वाजले होते. ताई निघाली, एवढंच पुटपुटली आणि झोपली.

थेट इस्पितळात या. लोभ आहे तसाच घेऊन या.

तुझा बापू