पहिला छर्रा बत्ताशाला

आप्पा, तुमची छर्ऱ्याची बंदूक दसऱ्यानंतर पुन्हा बोलली, म्हणून लिहायला बसलो. इतवाऱ्यातलं आपलं सरकी-ढेपेचं गोदाम आहे तसंच आहे, उंदीरही आहेत, तुमच्या वेळेपेक्षा जाडच. तुमच्या सुनेनं मध्यंतरी चिकट पाट्या आणून ठेवल्या. सुट्टीवर आलेल्या तुमच्या नातीला सकाळी पाटीवर एक उंदीर दिसला, जिवंत, स्वतःची कातडी ओढून ओढून थकलेला. पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, यापेक्षा तुझ्या आजोबांची रीत बरी. ती म्हणाली, "एकच चान्स, पप्पा. तडफडला तर बंदूक भंगारात."

म्हणजे बंदूकही पणाला आणि माझी इज्जतही. हिची स्प्रिंग मी बदलली, चामड्याचं वॉशर मी कापून बसवलं, कोणा मिस्त्रीनं शिकवलं नाही. पण नेम तुमचा. तो दिवस अजून दिसतो. मी विशीतला, तुळईवरच्या उंदरावर दुरून नेम धरलाय, आणि तुम्ही मागून येऊन नळीवर तळहात ठेवता. "लागंल, पण मरणार नाही. थप्पीमागं पडून तडफडंल. तू जेवशीन का मंग? हिची ताकद थोडी हाय, तर अक्कल तुझी जास्ती लागंल." मग तुम्ही पोत्याला बत्तासा टेकवला. जिथून एकही बत्तासा चुकत नाही तेवढंच आपलं अंतर, त्याहून लांबून उडवायची नाही. डोकं स्वच्छ दिसलं तरच. मागे भरलेलं पोतं पाहिजे. आणि पहिला छर्रा जिवावर कधीच नाही, बत्ताशावर. उरलेले बत्तासे आपण ढेपेच्या पोत्यांवर बसून खाल्ले होते.

गेल्या आठवड्यात एका दिवेलागणीला मी तसाच बत्तासा मांडला. तुमची सून दारातून म्हणाली, "उंदीर राहिला बाजूला, यांची बत्ताशाची शिकार चालू." पोरगी हसू दाबत उभी. मी उडवली आणि छर्रा बत्ताशाच्या चांगला वीतभर खाली, पोत्यावर लाल ठिपका. आप्पा, मी घाबरलोच. नळी सांध्यात वाकवून उजेडाकडे धरली, तर तोंडाशी कुंकवाचा वाळलेला थर आणि त्यात चिकटलेली अक्षत. खंडेनवमीला तुमच्या सुनेनं तराजूबरोबर बंदुकीचीही पूजा केली होती, सढळ हातानं. "देवाचं कुंकू आहे, पुसू कशी?" म्हणते. सुताला ओली चिंधी बांधून मी नळी साफ केली. मग बत्तासे एकामागून एक असे फुटले की साखर मिशीवर आली. पहिला छर्रा उंदरावर गेला असता तर काय झालं असतं, ते पोरीला सांगावं लागलं नाही.

उंदीर आला, ढेपेचा तुकडा हातात धरून बसला, मी उडवली, आणि तो बसल्या जागी कलंडला. पोरगी जवळ जाऊन वाकून बघून आली. "इसको तो पता ही नहीं चला," एवढंच म्हणाली. थोड्या वेळानं, "मला शिकवा."

शिकवलं. आठवडाभर सिंधीपुऱ्यातल्या बत्तासेवाल्याला वाटत असेल, यांच्याकडे रोज सत्यनारायण आहे. काल पहिल्यांदा तिची पाळी होती. उंदीर आला, अंतर बरोबर, मागे पोतं. मी तिच्या मागे श्वास रोखून. ती थांबली, थांबली, मग उंदीर गेल्यावर छर्रा पोत्यात उडवून तिनं बंदूक रिकामी केली. "अर्धं डोकं थप्पीआड होतं, पप्पा. उद्या बघू."

आज सकाळपासून पार बुधवारा मोहल्ल्यापर्यंत सांगत सुटलोय, पोरीला नेम मी शिकवला. तुम्ही आहात तिथं टपाल जात नाही, हा कागद पोस्टात पडायचा नाही, आणि तिच्या हाती तर मुळीच नाही. म्हणून तुम्हालाच सांगतो. काल मला तिच्या मागून उंदराचा एकच कान दिसत होता, आणि तरी बंदूक माझ्या हातात असती तर मी उडवली असती.